जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये एसीची वायर तापते, प्लग तपकिरी झालाय – सगळं वायरिंग बदलावं का?

वळणवाट

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे.

आमची कॅम्पर व्हॅन बरीच जुनी आहे. आतलं सगळं काम आधीच्या मालकाने करून घेतलेलं. छतावर एसी आहे, तो बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या सप्लायवर चालतो. इंजिनवर चालणारा डॅशबोर्डचा एसी वेगळा, त्याची काही तक्रार नाही.

हल्ली छतावरचा एसी अर्धा-पाऊण तास चालला की मागच्या कपाटापाशी वास यायला लागतो. कधी जळक्या प्लास्टिकचा, कधी चक्क मासळीसारखा. एसीचा प्लग त्याच कपाटात, आतल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आहे. सगळं बंद करून प्लग ओढून पाहिला तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय आणि थोडं फुगलंय. पिनेला हात लावला की चटका बसतो. वायर प्लगपासून वीतभर चांगली गरम, तिथून पुढे कोमट, आणखी पुढे गार.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा आहे, तो एकदाही पडलेला नाही. आणखी एक गोष्ट: कंप्रेसर सुरू होताना घुर्र असा आवाज होतो, दिवे मंद होतात, कधीकधी तो उचलतच नाही. मग थोडं थांबून पुन्हा चालू करावा लागतो.

एकाने सांगितलं की एसीचं आयुष्य संपलं, नवा घ्या. दुसरे म्हणाले सगळी वायर जाड टाका आणि एमसीबी २५ चा बसवा. त्या कपाटाला लागूनच आईचा बर्थ आहे, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाही. नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तारकाम

वळणवाट, सविस्तर लिहितो, पण पहिली गोष्ट म्हणजे तो एसी आजपासून बंद. नुसता स्विच नाही, तो एमसीबीच पाडून ठेवा. प्लास्टिक फुगलंय म्हणजे काम "बघू नंतर" म्हणण्याच्या पुढे गेलेलं आहे.

मासळीसारख्या वासाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. स्विच, सॉकेट, होल्डर यांत वापरलेली काही प्लास्टिक जास्त तापली की तसाच वास येतो. पुष्कळ लोक कपाटात काही कुजलंय का ते शोधत बसतात आणि खरं कारण राहून जातं. हा वास कुणालाही आला तर आधी सप्लाय बंद करा, शोध नंतर.

आता निदानाचं. तुमच्या वर्णनातच ते आहे. वायर बारीक पडत असती, म्हणजे तिच्यातून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जात असता, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी तापली असती. तुमची वायर प्लगपाशी गरम आणि पुढे गार आहे. म्हणजे उष्णता वायरीत तयारच होत नाही. ती जॉइंटला तयार होते आणि तांब्यातून थोडं अंतर पुढे पसरते. जुन्या गाड्यांत मी जितकी जळकी वायरिंग पाहिली त्यांतली बहुतेक अशीच होती: वायर चांगली, जॉइंट खराब.

मला एवढं कळवा. एसीच्या पाटीवर किती वॉट, किती अँपिअर लिहिलंय? तपकिरी पिन फेजची की न्यूट्रलची? प्लग उघडल्यावर वायर स्क्रूखाली कशी धरलेली दिसते? आणि बाहेरून येणारी केबल किती लांब, किती जाड, आणि ती वापरताना गुंडाळलेली असते का?

निळाई

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या व्हॅनमध्ये उलटं आहे, छतावर एसी नाही, पण इंजिनवरच्या एसीच्या ब्लोअरचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचा, कनेक्टर वितळलाय. आधी वळणवाट यांचं होऊ दे, मग विचारते.

रानवाटा

माझं मत थोडं वेगळं आहे. कंप्रेसर सुरू होताना चालू करंटच्या चार-पाच पट ओढतो. त्यासाठी मोकळीक हवी म्हणून २५ चा एमसीबी लावणं मला गैर वाटत नाही. आणि वायर जाड टाकली तर नुकसान काय?

तारकाम

रानवाटा, सुरू होतानाच्या करंटबद्दल तुमचं बरोबर आहे, पण त्यासाठी मोठा एमसीबी लागत नाही. सी कर्व्हचा (क्षणभराचा जास्त करंट सोसणाऱ्या प्रकारचा) १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर जावे लागतात. या मापाचा कंप्रेसर क्षणभर २५-३० ओढेल. तेवढं १६ चा एमसीबी सहज सोसतो, आणि वळणवाट यांचा तो पडतही नाही. जी अडचण नाहीच, तिच्यावर उपाय कशाला?

उलट २५ चा लावला तर काय होतं ते बघा. एमसीबीवरचा आकडा म्हणजे त्याच आकड्याला पडतो असं नसतं. १.१३ पट करंटला तो तासभर न पडता राहू शकतो, आणि १.४५ पट झाला तर तासाभरात पडलाच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे १६ चा एमसीबी खात्रीने पडायला २३ अँपिअर लागतात, २५ च्या एमसीबीला ३६. त्या मधल्या करंटला आतली वायर शांतपणे भाजत राहील आणि तिला वाचवणारं कुणी नसेल. एमसीबी वायरीसाठी असतो, एसीसाठी नव्हे. आधी वायर बघायची, ती कुठून कशी गेलीय ते बघायचं आणि मग एमसीबी ठरवायचा.

जाड वायरीचं नुकसान काही नाही, पण ती त्याच सैल सॉकेटला जोडली तर फायदाही नाही.

वळणवाट

आज प्लग आणि सॉकेट दोन्ही उघडले, बाहेरची केबल काढून. फोटो चढत नाहीयेत, म्हणून लिहून सांगतो.

पाटीवर १३०० वॉट, ६ अँपिअर. तपकिरी पिन फेजची. प्लगमधली वायर अनेक बारीक तारांची आहे. तिच्या टोकाला कुणीतरी कथील लावून कडक केलंय आणि ते टोक स्क्रूखाली दाबलंय. स्क्रू हाताने फिरला, पेचकस लावावाच लागला नाही! वायरीचं इन्सुलेशन टोकाकडे कडक होऊन तडकलंय. ते सोललं तर आतलं तांबं काळं, बोटाच्या पेरापर्यंत. सॉकेटमधली पितळी पकड निळसर-काळी झालीय, प्लग घातला तरी धरत नाही, नुसता लटकतो.

बाहेरची केबल १.५ चौरस मिमी, २५ मीटर, रिळावर. निम्मी उलगडतो, बाकीची रिळावरच असते.

तारकाम

जे शंकेत होतं ते सगळं सापडलं.

कथील लावून स्क्रूखाली दाबणं हा फार जुना घोळ आहे. दिसायला काम नीटनेटकं दिसतं. पण कथील मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत जातं. आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी आपोआप सैल होतो, कुणी हात न लावता. त्यात गाडीचे हादरे. सैल झाला की तिथे रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, जॉइंट तापतो, तापल्यावर तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो, त्याने रेझिस्टन्स आणखी वाढतो. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःहून थांबत नाही. म्हणूनच तुम्हाला वाटलं की इतके दिवस ठीक होतं आणि अचानक बिघडलं.

तारा बारीक असल्या तर टोकाला फेरूल, म्हणजे तारा एकत्र धरणारी धातूची नळी, बसवून नीट पंच करायची आणि ती स्क्रूखाली घ्यायची. सोल्डर नको.

काळं पडलेलं तांबं घासून परत वापरू नका. चकचकीत तांबं आणि मऊ इन्सुलेशन लागेपर्यंत वायर मागे कापत जा. सॉकेटची पकड एकदा लाल-निळी होण्याइतकी तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो. पक्कडीने दाबून ती चार दिवस धरेल, मग पुन्हा ढिली. प्लग आणि सॉकेट दोन्ही नवे, जोडीने. एकच बदललात तर जुना नव्याला खराब करतो.

रिळाबद्दल: पूर्ण उलगडा, दरवेळी. गुंडाळलेल्या केबलमधली उष्णता आतच कोंडते. बहुतेक रिळांवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेलं असताना किती वॉट आणि उलगडल्यावर किती, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. वाचून बघा.

पण इथे थांबू नका. ज्याने प्लगमध्ये असं काम केलं त्याने भिंतीआड काय केलं असेल? एखाद्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एसी चालू असताना ठिकठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या: बाहेरची केबल गाडीत शिरते त्या इनलेटला किती, आणि एसीच्या टर्मिनलला किती. क्लॅम्प मीटरने करंटही मोजायला सांगा (क्लॅम्प एकाच वायरीभोवती, दोन्ही वायरी मिळून घातला तर शून्य दाखवेल). हे चालू लाइनवरचं काम आहे आणि गाडीची बॉडी धातूची, म्हणून स्वतः करू नका असं आग्रहाने सांगतो. जळका प्लग-सॉकेट मोजणीपुरता तसाच ठेवायला हरकत नाही, पण माणूस समोर उभा राहून, चार-पाच मिनिटंच.

सावली

एक प्रश्न मध्येच विचारते, कारण हे मी व्हॅनच्या आतल्या कामात वारंवार पाहिलंय. वळणवाट, तुमच्या भिंतीत आणि छतात उष्णतारोधक म्हणून काय भरलंय? थर्मोकोल असेल तर एसीची वायर त्याला चिकटून गेलीय का ते जरूर पाहा.

पीव्हीसी वायरीचं आवरण मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. थर्मोकोल, म्हणजे पॉलिस्टायरीन, पीव्हीसीला टेकून राहिलं की ते द्रव्य हळूहळू शोषून घेतं. थर्मोकोल विरघळून चिकट होतो आणि वायरीचं आवरण कडक, ठिसूळ होत जातं. उष्णता असेल तर हे आणखी वेगाने होतं. वरून कळत नाही, वायर वाकवली की तडे दिसतात.

दुसरं, वायर चारी बाजूंनी उष्णतारोधकात बुडालेली असेल तर तिची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लांबी अशी असेल तर तिची करंट वाहण्याची क्षमता निम्मीच धरतात. मोकळ्या हवेत २.५ चौरस मिमीची जी वायर निवांत २४-२५ अँपिअर वाहते, तिच्याकडून थर्मोकोलच्या आत बारा-तेराचीच अपेक्षा ठेवायची. ६ अँपिअरच्या एसीला ते पुरतं. पण त्याच वायरीवर उद्या गीझर किंवा शेगडी जोडली तर १६ चा एमसीबीही तिला वाचवणार नाही. मघाशी २५ चा विषय निघाला तेव्हा हेच मनात आलं होतं.

रानवाटा

हे थर्मोकोलचं माहीत नव्हतं. २५ चा मुद्दा मागे घेतो. वाचनखूण साठवली.

वळणवाट

सावली, तुम्ही लिहिलं तसंच निघालं. छताचं पॅनेल उतरवलं. वरती थर्मोकोलच्या लाद्या आहेत आणि वायर त्यांत खाचा पाडून दाबलीय. जिथे टेकली होती तिथे थर्मोकोलला वायरीच्या आकाराची चिकट पन्हळ पडलीय. वायर काढताना थर्मोकोलचे तंतू तिच्याबरोबर आले. वाकवली तर बारीक तडे दिसले.

इलेक्ट्रिशियन येऊन गेले, त्यांनी घेतलेली मापं अशी:

एसी बंद असताना इनलेटला २३१ व्होल्ट.
एसी चालू असताना इनलेटला २२६.
त्याच वेळी एसीच्या टर्मिनलला २१९.
करंट ६.२ अँपिअर.
इनलेट ते एसी वायरीची लांबी साधारण ८ मीटर, २.५ चौरस मिमी.

ते म्हणाले सात व्होल्ट म्हणजे फार नाही, पण एवढ्याशा अंतरात इतका फरक पडायला नको. तारकाम, तुमचं काय मत?

तारकाम

अजिबात पडायला नको, आणि आकडेच ते सांगतात. तांब्याच्या २.५ चौरस मिमी वायरीचा रेझिस्टन्स मीटरला ०.००७ ओहम. जाऊन-येऊन १६ मीटर धरले तर ०.११ ओहम. ६.२ अँपिअरला त्यात ०.७ व्होल्ट पडतील. तुमचे पडलेत ७. म्हणजे उरलेले ६.३ व्होल्ट जॉइंट खातायत.

६.३ गुणिले ६.२ म्हणजे ३९ वॉट. ही उष्णता आठ मीटरभर पसरलेली नाही, नखाएवढ्या एक-दोन जागी एकवटलेली आहे. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, आणि त्या कथलाला वितळायला १८३ अंश लागतात. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश. कपाटाच्या लाकडी फळीआड तुम्ही दीड सोल्डरिंग आयर्न चालू ठेवलं होतं असं समजा.

आता तुमच्या कंप्रेसरच्या घुर्र आवाजाचं. ६.३ व्होल्ट भागिले ६.२ अँपिअर, म्हणजे जॉइंटचा रेझिस्टन्स सुमारे १ ओहम. चालू असताना त्यात सहाच व्होल्ट जातात, पण सुरू होतानाच्या २५-३० अँपिअरला २५-३० व्होल्ट जातात. शिवाय बाहेरची केबलही आपला वाटा घेते. म्हणजे कंप्रेसरला नेमकी जेव्हा ताकद लावायची असते तेव्हाच त्याच्यापर्यंत १७५-१८५ व्होल्टच्या आसपास पोचतात. तो अडखळणारच. व्होल्टेज कमी झालं की तो करंट जास्त ओढतो, त्याने जॉइंट आणखी तापतो. एसी बदलायचा सल्ला मिळाला होता ना? नवा एसी याच जॉइंटवर जोडला असता तर तोही असाच घुरघुरला असता.

आता हे ६.३ व्होल्ट कुठे पडतायत ते इलेक्ट्रिशियनकडूनच शोधून घ्या. मीटरचं एक टोक इनलेटच्या फेजला, दुसरं टोक लांब वायरीने पुढे नेत नेत एमसीबी, सॉकेट, प्लग, एसीची फेज. जिथे आकडा एकदम वाढेल तिथे बिघाड. मग तेच न्यूट्रलला. न्यूट्रल विसरू नका, सगळे फेजच तपासतात. करंट मात्र दोन्हींतून तेवढाच जातो.

वळणवाट

मोजलं, आणि सापडलं.

फेजच्या बाजूला प्लग-सॉकेटमध्ये २.५ व्होल्ट. ते अपेक्षित होतं. पण न्यूट्रलला इनलेट ते एसी चार व्होल्टांहून जास्त, आणि त्यातले ३.८ एकाच जागी. कपाटाच्या पाठीमागे दोन वायरी हाताने पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट होता. डबी नाही, काही नाही. टेपचा गोंद वितळून ओघळलाय आणि मागची प्लायवूड हातभर नाही, पण तळहाताएवढी काळी पडलीय. बोटाने खरवडली तर कोळसा निघाला.

आई ज्या बाजूला डोकं करून झोपते तिथून हे एका फळीवर होतं. ते पाहिल्यापासून मन थाऱ्यावर नाही. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही असून एकही पडू नये? मग ते बसवायचे कशाला?

तारकाम

मन थाऱ्यावर नसणं स्वाभाविक आहे. वेळेत सापडलं ही मोठी गोष्ट आहे.

तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एमसीबी एकच गोष्ट बघतो, करंट जास्त झाला का. तुमचा ६.२ होता, १६ च्या मानाने किरकोळ. आरसीसीबी दुसरीच गोष्ट बघतो, फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तितकाच परत आला का. तुमचा तितकाच परत येत होता, वाटेत तो लाकूड जाळत होता एवढंच. सैल जॉइंट या दोघांनाही दिसत नाही. त्यातल्या ठिणग्या ओळखणारं उपकरण असतं, एएफडीडी, ते बसवता आलं तर चांगलंच, पण त्यानेही प्रत्येक तापणारा जॉइंट पकडला जाईल असं नाही. म्हणून जॉइंट कमीत कमी ठेवणं, जे आहेत ते उघडून बघता येतील अशा डबीत ठेवणं आणि त्यांना वेळोवेळी हात लावून बघणं, याला पर्याय नाही.

तरीही ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि अर्थ, म्हणजे जमिनीला जोडलेली अर्थिंगची वायरही. वितळलेल्या आवरणातून फेज कधी बॉडीला टेकली तर अर्थ नसलेली सगळी गाडी जिवंत होते. आतल्या माणसाला कळणारही नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून जो दार उघडेल त्याला झटका बसेल. इनलेटची अर्थ, बॉडी आणि एसीचा सांगाडा हे तिन्ही खरोखर जोडलेले आहेत ना, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. टेस्टरने दिवा लागला म्हणजे अर्थिंग बरोबर, असं होत नाही. गाडी जनरेटर किंवा इन्व्हर्टरवरही चालवत असाल तर न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडायची याचे नियम बदलतात, तेही त्यांनाच बघू द्या.

चाकावरचं_घर

उत्तम चर्चा. याच अनुषंगाने, मला असाच १३०० वॉटचा एसी बॅटरी-इन्व्हर्टरवर चालवायचा आहे, १२ व्होल्ट सिस्टिम. इन्व्हर्टरसोबत १६ चौरस मिमीची केबल आली आहे, बॅटरी दोन मीटरवर. पुरेल का?

तारकाम

नाही पुरणार. १३०० वॉट आणि इन्व्हर्टरची गळती धरून १२ व्होल्टच्या बाजूला १२० अँपिअर जातील. १६ चौरस मिमीच्या केबलमध्ये जाऊन-येऊन चार मीटरला अर्धा व्होल्ट आणि ६३ वॉट. केबल हाताला भाजेल. ५० चौरस मिमी घेतली तर तेच २० वॉटवर येतं. इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणता आला तर आणखी चांगलं. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच, केबलच्या मापाचा.

आणि जॉइंटचं महत्त्व इथे कितीतरी पटीने वाढतं. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. एका लगमध्ये (केबलच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या जोडतुकड्यात) १ मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, जास्तीचा असला तरी १२० अँपिअरला तिथे १४ वॉट तयार होतात. हातोडीने ठोकलेले लग नकोत, हायड्रॉलिक पंचने दाबून घ्या. केबल स्वस्तात मिळत असेल तर ती खरंच तांब्याची आहे का ते बघा. वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली केबल सर्रास विकली जाते, तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. तार खरवडली की आत पांढरी दिसते.

निळाई

आता माझं विचारते. डॅशबोर्डच्या एसीचा ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडवर चालतो, खालचे स्पीड गेलेत. पॅसेंजरच्या पायापाशी ब्लोअर रेझिस्टरचा कनेक्टर आहे, त्यातली एक पिन वितळून प्लास्टिकमध्ये बसलीय. फ्यूज ३० चा, शाबूत. गॅरेजवाले नवा रेझिस्टर टाकून देतो म्हणतात.

सावली

निळाई, नुसता रेझिस्टर टाकला तर तोही जाईल. खालच्या स्पीडला मोटरचा करंट त्या रेझिस्टरमधून जातो आणि वरच्या स्पीडला त्याला वगळून थेट जातो, म्हणून तेवढाच स्पीड चालू राहिलाय. तो रेझिस्टर मुद्दाम हवेच्या झोतात बसवलेला असतो, ब्लोअरच्याच हवेने थंड राहावा म्हणून. केबिन फिल्टर धुळीने भरला, आत पाला अडकला की झोत कमी होतो आणि रेझिस्टर तापतो. फिल्टर काढून बघा. दुसरं कारण म्हणजे मोटर. बेअरिंग सुकलं की ती जड फिरते, करंट वाढतो, पण फ्यूजच्या आकड्याखालीच राहतो. फ्यूज शाबूत आणि कनेक्टर वितळलेला, याचं कारण बहुधा हेच. मोटरचा करंट मोजायला सांगा.

तारकाम

सावलींशी सहमत. फक्त एक भर: ब्लोअर पूर्ण स्पीडवर असताना मोटरच्या निगेटिव्ह पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ पर्यंत ठीक. जुन्या गाड्यांत बॉडीवरचा अर्थचा बोल्ट गंजलेला असतो. १२ व्होल्टचं असल्याने झटक्याची भीती नाही, पण आग इथेही लागते, हे विसरू नका.

वळणवाट

काम झालं, म्हणून सगळं एकत्र लिहितो.

इनलेटपासून एसीपर्यंत एकच सलग नवी वायर ओढली, २.५ चौरस मिमी, अनेक तारांची, मधे एकही जॉइंट नाही. ती थर्मोकोलला कुठेही न टेकता वेगळ्या पाइपमधून नेली, आणि पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची कडी, घातलं. प्लग-सॉकेट काढून टाकलं. आता कपाटात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा आयसोलेटर आहे, त्यातून एसी थेट जोडला. टोकांना फेरूल. एमसीबी १६ चाच. काळी प्लायवूड कापून नवी लावली. बर्थजवळ धुराचा अलार्म आणि दारापाशी पावडरचं अग्निशामक बसवलं.

नवी मापं: इनलेटला २२७, एसीला २२६. करंट ६. केबल पूर्ण उलगडलेली. कंप्रेसर पहिल्या झटक्यात सुरू होतो, दिवे जेमतेम लुकलुकतात. तासभर चालवून आयसोलेटरला हात लावला, नुसता कोमट.

तारकाम, सावली, दोघांचे मनापासून आभार. एकच शंका राहिलीय: गाडी हादरत असते, तर हे स्क्रू पुन्हा केव्हा तपासावेत?

तारकाम

वा, फार चांगलं काम झालं. एका व्होल्टचा फरक, त्यातला ०.७ वायरीचाच. याहून बरं होणार नाही.

स्क्रू पहिल्या लांब प्रवासानंतर एकदा, मग दर मोसमाच्या सुरुवातीला. सप्लायची केबल काढून, टॉर्क पेचकस असेल तर त्याने, उपकरणावर लिहिलेल्या मापाइतकेच. जोर लावून आवळत सुटू नका, त्यानेही तारा तुटतात. लेझरचं थर्मामीटर वापरणार असाल तर चकचकीत धातूवर ते खोटं, कमी तापमान दाखवतं. काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर मोजा. आणि एसी बंद केल्यावर लगेच चालू करू नका, चार-पाच मिनिटं थांबा, म्हणजे आतला दाब उतरतो आणि कंप्रेसर भाराखाली सुरू होत नाही. छतावरची कॉइल धुळीने भरली की करंट वाढतो, ती पण साफ ठेवा.

निळाई

माझंही कळवते. मोटर २४ अँपिअर ओढत होती, बेअरिंग पार सुकलेलं. अर्थच्या बोल्टवर ०.९ व्होल्ट. बोल्ट काढून पत्रा घासला, नवी मोटर, नवा रेझिस्टर, आणि कनेक्टर वायरीच्या नव्या टोकांसकट बदलला. फिल्टर काढला तेव्हा त्यात वाळका पाला गच्च होता. आता वरच्या स्पीडला १६ अँपिअर आणि सगळे स्पीड चालू. गॅरेजवाले ४० चा फ्यूज घालू का विचारत होते. ३० चाच ठेवायला सांगितलं.